हेड उतरवायचं, पण आधी मोजायचं
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

या वेळच्या टपालात सोलापूर आणि आसपासची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेक सगळी पद्मिनी नाहीतर अँबॅसेडरच्या हेडबद्दल, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणाऱ्या आणि व्हॉल्व्ह धरणाऱ्या वरच्या भागाबद्दल. पद्मिनीच्या बाबतीत हे साजेसंच आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच. दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची, पुशरॉडवाली (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी), अंगणात उघडता येण्यासारखी. पण पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि अँबॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं बिडाचं. एका हेडला चालणारा उपाय दुसऱ्याची वाट लावू शकतो, तेव्हा उत्तर वाचताना आपली गाडी कोणती हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : माझी पद्मिनी १९८५ची आहे. गाडी ओढत नाही, रेडिएटरचं पाणी आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं, पण खाली कुठेही ठिपका पडत नाही. कॉम्प्रेशन मोजलं तर १३०, ७०, ७५, १२८ पीएसआय आलं. मिस्त्री म्हणतात, इंजिन बोअरला आलं, पूर्ण उघडावं लागेल. हेडचं काम करून भागेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्याच आकड्यांत बरंचसं उत्तर आहे. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात तेव्हा चारही सिलिंडर थोड्याफार फरकाने खाली येतात. शेजारशेजारचे दोनच एकदम निम्म्यावर आले, तर पहिला संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलच्या) अरुंद पट्टीवर घ्यायचा. ती जळली की २ नंबरचा दाब ३ मध्ये जातो आणि ३ चा २ मध्ये. पाणीही कमी होतंय, म्हणजे तीच फट पाण्याच्या वाटेपर्यंत पोचलेली असू शकते.

तरीही खात्री करून घ्या. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टरने इंजिनाचे पाच-सहा फेरे मारा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलेलं कॉम्प्रेशन खोटं असतं, कारण आत हवाच पुरेशी जात नाही. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच चढला तर रिंगा गेल्या. ७० चा ७५ झाला तर दोष वर आहे, म्हणजे गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा तडा.

पुढची पायरी हवेची. जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्याच्या धातूच्या कवचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला आणा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि पंपाने हवा भरा. फुसफुस कार्ब्युरेटरमधून ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा, आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून वारा आला तर मधली पट्टी. एवढं झाल्याशिवाय बोअरचं नाव काढू देऊ नका.

प्रश्न : हेड स्वतः उतरवायचं ठरवलं आहे. नट कोणत्या क्रमाने सोडवायचे? आणि हेड ब्लॉकला चिकटून बसलं तर?
– एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं. गरम ॲल्युमिनियमचं हेड सोडवलं की ते वाकतं, आणि हा वाक नंतर पैसे मोजून काढावा लागतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी दुपारी 'थंड' नसतेच. पहाटे हात घाला.

बॅटरीची वायर काढा. पाणी रेडिएटरच्या आणि ब्लॉकच्या, दोन्ही नळ्यांतून सोडा. नुसतं रेडिएटर रिकामं केलं तर ब्लॉकमधलं पाणी हेड उचलताच सिलिंडरमध्ये जातं. नट घट्ट करायचा क्रम मधून बाहेर असतो, सोडवायचा त्याच्या उलट, बाहेरून मध्ये. प्रत्येक नट आधी पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. एक नट पूर्ण काढून मग दुसऱ्याला पाना लावायचा नाही.

अँबॅसेडरवाल्यांसाठी एक खास सूचना. तिथे रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याचे) पेडेस्टल, म्हणजे आधार, ज्या नटांनी धरलेले असतात, त्यांतले चार हेडचेच असतात. 'फक्त रॉकर काढतो' म्हणून ते चार सोडवले की हेड एका बाजूने उचललं जातं आणि चांगली गॅस्केट वाया जाते. रॉकर काढायचा असला तरी पाणी सोडायचं आणि हेडचे सगळे नट क्रमाने ढिले करायचे.

पुशरॉड वर ओढण्याआधी बोटांनी थोडा फिरवा, नाहीतर तेलाच्या चिकटीने टॅपेटही (पुशरॉडखालचा ठोकळा) बरोबर वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, रेडिएटरकडून १ ते ८ आकडे घालून त्यात पुशरॉड खोचा. तसाच दुसरा पुठ्ठा व्हॉल्व्हसाठी.

चिकटलेल्या हेडखाली छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. ओरखडा गॅस्केटच्या बसणीवर पडतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. अँबॅसेडरमध्ये रॉकर जागेवर ठेवून सगळे नट दोन-तीन आटे ढिले करा, प्लग लावा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि स्टार्टरला दोन-चार झटके द्या. दाबानेच हेड सुटतं. पद्मिनीत अडचण बहुधा वेगळी असते. पोलादी स्टडभोवती ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी घट्ट बसते. तिथे गंज सोडवणारं पातळ तेल दोन-तीन दिवस रोज सोडत राहायचं आणि हेडच्या जाड कोपऱ्यांवर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे. घाई केली तर स्टड तुटतो, आणि तुटका स्टड काढणं हेडच्या कामाहून मोठं होऊन बसतं.

प्रश्न : लेथवाले म्हणाले, 'हेड आलंच आहे तर एक फेस मारून टाकू, अर्धा मिलिमीटर.' मारू द्यावा का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : मोजल्याशिवाय फेस, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट कापून घेणं, नाही. आणि अर्धा मिलिमीटर हा 'टाकू' म्हणण्यासारखा आकडा नाही.

चांगली पोलादी सरळपट्टी आणि फिलर गेज घ्या. ॲल्युमिनियमची फूटपट्टी यासाठी चालत नाही. पृष्ठभाग साफ करून या ओळींवर पट्टी धरा: दोन लांब कडा, मधोमध लांबीने, दोन कर्ण, आणि आडवी दोन सिलिंडरच्या मधल्या प्रत्येक पट्टीवर. ०.०५ मि.मी.चं पान कुठेच शिरत नसेल तर फेसची गरज नाही. ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असेल तर वाक कुठे आहे ते पाहा. सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर असेल तर फेस मारा. ०.१० च्या वर असेल तर मारावाच लागेल, पण वाक निघेल एवढाच. ०.१२ चा वाक असेल तर ०.१५ पुरे. ब्लॉकही याच पद्धतीने तपासा. नवं सपाट हेड खड्डा पडलेल्या ब्लॉकवर बसवलं की दोन महिन्यांत पुन्हा तोच प्रश्न.

अर्धा मिलिमीटर काढल्याने काय होतं त्याचा हिशोब करून पाहा. पद्मिनीचा बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मि.मी., म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान सुमारे २७२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ८ धरला तर वर उरणारी जागा ३८.९ सीसी. चेंबरच्या (पेट्रोल पेटतं त्या हेडमधल्या पोकळीच्या) तोंडाचं क्षेत्रफळ ३० चौ. सेंमी. धरलं तर अर्ध्या मिलिमीटरने दीड सीसी जाते आणि रेशो ८.३ च्या जवळ पोचतो. एकदा ठीक. पण चाळीस वर्षांच्या हेडवर आधी किती फेस पडले आहेत हे कुणालाच माहीत नसतं. उन्हाळ्यात चढावर गाडी खडखडायला लागते, मग इग्निशनचं टायमिंग मागे घ्यावं लागतं, मग ओढ कमी होते.

आधीचे फेस ओळखायचे असतील तर चेंबर मोजा. हेड उलटं, पातळीत ठेवा. व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेले हवेत. एक छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर बसवा आणि २० मिलीच्या सिरिंजने पातळ तेल भरा. चारही चेंबरमध्ये एक सीसीहून जास्त फरक असेल तर आधीचा फेस तिरका गेला आहे किंवा काही व्हॉल्व्ह जास्त खोल बसले आहेत.

प्रश्न : अँबॅसेडरचे व्हॉल्व्ह घरी लॅप करायचे आहेत. पेस्ट कोणती, किती वेळ, आणि झालं हे कळायचं कसं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : लॅपिंगने, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर (तो टेकतो त्या कडीवर) घासण्याने, चांगल्या सीटवर शेवटचा हात फिरतो, वाईट सीट त्याने चांगली होत नाही. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण, खड्डे जाईपर्यंत जाड पेस्टने तासभर घासणारे लोक पुष्कळ. त्यात सीट रुंद होते, व्हॉल्व्हच्या कडेला खाच पडते आणि व्हॉल्व्ह खोल जातो.

म्हणून सुरुवात गाईडपासून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी (स्टेम) ज्या नळीत सरकते तिच्यापासून. व्हॉल्व्ह सीटपासून १० मि.मी. वर उचला, डोक्याला डायल गेज लावा आणि दोन्ही बाजूंना हलवा. नवा व्हॉल्व्ह घालूनही तेवढाच खेळ राहिला तर गाईड गेलं, कमी झाला तर स्टेम झिजला होता. गाईड ढिलं असताना लॅपिंग करणं व्यर्थ आहे, कारण व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. गाईड बदललं की सीट पुन्हा कापावीच लागते, कारण नवं गाईड जुन्याच्या केंद्रावर तंतोतंत येत नाही. ही दोन्ही कामं मशीन शॉपची. घरी हातोडीने गाईड ठोकलं तर ते तोंडाशी फुगतं आणि व्हॉल्व्ह आत अडकतो.

मग व्हॉल्व्ह. डोक्याच्या कडेची उभी जाडी ०.८ मि.मी.हून कमी उरली असेल तर टाकून द्या. पातळ कड लाल होते, वेळेआधी पेट्रोल पेटवते आणि शेवटी जळते. स्टेम सपाट काचेवर लोळवून वाक पाहा. स्प्रिंगा एका ओळीत काटकोनाशेजारी उभ्या करा. जी बुटकी आहे किंवा वरच्या टोकाला दीड मिलिमीटरहून जास्त कलते ती बाद. एक बदलायची वेळ आली तर आठही बदला.

लॅपिंगला पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, सीटवर तीन ठिकाणी. स्टेमला तेलाचं बोट लावा, म्हणजे पेस्ट गाईडमध्ये उतरणार नाही. काठी दोन तळहातांत धरून मागेपुढे फिरवा, रवीसारखी, आणि दर सात-आठ हेलकाव्यांनी व्हॉल्व्ह उचलून पाव फेरा पुढे बसवा. उचललं नाही तर गोल चरे पडतात. घासण्याचा आवाज मऊ झाला की पुसून पाहा. ड्रिल मशीनला व्हॉल्व्ह लावून फिरवू नका. त्यात नेमके तेच चरे पडतात.

पूर्ण गोल, न तुटलेली, एकसारखी राखाडी कडी दिसली की झालं. इनलेटला रुंदी १.२ ते १.५ मि.मी., एक्झॉस्टला १.५ ते २. एक्झॉस्टला जास्त हवी, कारण व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेवढ्याच क्षणात त्याची उष्णता हेडला जाते. कडी व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध हवी. बाहेरच्या काठावर आली असेल तर ३० अंशाच्या कटरने खाली आणायची, आत गेली असेल तर ६० च्या. पेन्सिलीने सीटवर आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह कोरडा बसवून पाव फेरा द्या. सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत.

नंतर पेस्टचा कणन्‌कण काढायचा, कारण उरलेली पेस्ट ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जाते. गाईडमधून डिझेलने भिजवलेला ब्रश, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, मग तेल. शेवटी स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता (उघड्यावर, बिडी-काडीपासून लांब) आणि दहा मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूने ओल दिसली नाही तर काम पक्कं.

जोडताना स्टेमवरच्या छोट्या रबरी ओ-रिंगकडे लक्ष द्या. स्प्रिंग आणि कॅप बसवून दाबल्यावर ती कॉटरच्या (कॅप धरणाऱ्या पाचरींच्या) खाचेच्या किंचित खालपर्यंत सरकवायची आणि मगच कॉटर घालायचे. आधी घातली तर कॅप तिला फाडते आणि गाडी तेल पिते.

प्रश्न : अँबॅसेडरचं टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप, दर दीड-दोन हजार किलोमीटरला कमी होतं. सेट केलं की पुन्हा तेच. आवाज मात्र येत नाही. असं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आवाज येत नाही हीच वाईट खूण. झीज रॉकर किंवा टॅपेटची असती तर गॅप वाढला असता. तो कमी होतोय म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. आठांपैकी १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट. तेच कमी होत असतील तर शंकाच नको.

देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्यातलं शिसं सीटवर पातळ थर धरायचं आणि धातूला धातू चिकटू द्यायचं नाही. अँबॅसेडरच्या सीट थेट बिडात कापलेल्या असतात. तो थर गेला की तापलेला व्हॉल्व्ह बिडाचे सूक्ष्म कण उचलतो आणि सीट खात जातो. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाडीला हे फारसं जाणवत नाही. पुण्याच्या रस्त्याला तासन्‌तास ८०-९० ने पळणाऱ्या गाडीला लवकर जाणवतं. उपाय एकच टिकतो: चार एक्झॉस्टला कडक पोलादाच्या इन्सर्ट सीट. इनलेट राहू द्या. पद्मिनीवाल्यांनी याची काळजी करू नये. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात.

तोवर गॅप १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मि.मी., ठेवा आणि हजार किलोमीटरला तपासा. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि जळतो. सेट करताना नऊचा नियम वापरा: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर १ चा सेट करायचा, ६ उघडा असेल तर ३ चा. बेरीज नेहमी नऊ.

प्रश्न : हेड साफ करायला कॉस्टिक सोडा आणि पुसायला टॉवेल चालेल का?
– एक वाचक, चिंचोळी

उत्तर : पद्मिनीचं हेड कॉस्टिकमध्ये टाकलं तर हेडच खाल्लं जाईल. बिडाच्या हेडला चालतं. काजळीला रात्रभर डिझेल आणि लाकडी पट्टी किंवा पितळी ब्रश. टॉवेल मात्र नको, सोलापूरचा असला तरी नको. त्याचा तंतू तेलाच्या भोकात जाऊन बसतो. जुनं धुवट धोतर उत्तम. आणि जुनी गॅस्केट ॲस्बेस्टॉसची असू शकते, तेव्हा ती कोरडी खरवडू नका, ओली करून काढा.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला आणि बोअरचं पाणी भरतो. गॅस्केट दुसऱ्यांदा गेली. संबंध आहे का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : आहे, आणि पाण्याचा जास्त. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ते उकळलं की क्षार हेडच्या आतल्या भिंतीला बसतात, आणि नेमके सगळ्यात गरम जागी, एक्झॉस्ट सीटच्या मागे. त्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही. काटा मध्यावर दिसतो आणि हेड मात्र एका जागी भाजत असतं. डिस्टिल्ड पाणी आणि ३० ते ५० टक्के कूलंट एवढंच भरा. गंज रोखणारे घटक कूलंटमध्येच असतात.

रेडिएटरची टोपीही पाहा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. उघडं पाणी इथे साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. सात पीएसआयची टोपी नीट दाब धरत असेल तर हा बिंदू दहा-बारा अंशांनी वर जातो. रबर कडक झालेली टोपी हा सगळा फायदा घालवते. गाडीला मुळात ज्या दाबाची टोपी होती तीच घ्या. जास्त दाबाची लावली तर जुना रेडिएटर फुटेल.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने पाण्याच्या वाटा बदलतात आणि हेडचा मागचा भाग कमी पाण्यावर राहू शकतो. शिवाय सकाळी इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं. संशय असेल तर पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट एवढ्यावर तपासता येतं: कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि त्यावर दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

प्रश्न : हेड परत बसवताना टॉर्क किती, आणि गॅस्केटला काही लावायचं का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि एकक दोनदा वाचा. इंग्रजी मॅन्युअलमध्ये फूट-पाउंड असतात, इटालियन वंशाच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२ फूट-पाउंड. हा घोळ झाला की ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

ब्लॉकमधली आंधळी (आरपार नसलेली) भोकं वाळवून घ्या. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट पिळला, तर द्रव दबत नाही, ब्लॉक चिरतो. स्टडभोवती ब्लॉकचा धातू उचलला गेला असेल तर ती कड कानशीने हलकी काढा. गॅस्केटला शेलॅक-बिलॅक काही नको. वरची बाजू वर आहे आणि पाण्याची भोकं जुळतात एवढं पाहा. आट्यांना आणि नटच्या खाली तेलाचा थेंब. कोरडा नट टॉर्क दाखवतो पण आवळत नाही.

मधून बाहेर, तीन टप्प्यांत: आधी निम्मा, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. पाना सावकाश, एका ओढीत. गाडी सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करा, रात्रभर थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने एकेक नट पाव फेरा ढिला करून पुन्हा पूर्ण टॉर्कवर आणा. एका वेळी एकच नट ढिला. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा हेच. दोन्ही वेळा नंतर टॅपेट सेट करायचं, कारण हेड केसभर खाली बसलं की गॅप बदलतो.

प्रश्न : हेडचं काम होऊन आठ दिवस झाले. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. रिंगा का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : रिंगा असत्या तर चढावर आणि ओढताना धूर दिसला असता. रात्रभर उभ्या गाडीत तेल स्टेमवरून खाली उतरतंय, म्हणजे एखादी ओ-रिंग फाटली आहे किंवा गाईड ढिलं राहिलं. घाटउतारावर ॲक्सिलरेटर सोडून मग दाबलात आणि मागे निळा ढग आला तर नक्की. प्लग काढून कोणता तेलकट आहे ते पाहा. त्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणून गाडी गिअरमध्ये ठेवा, वर सांगितलेल्या प्लगच्या कवचातून हवा भरत राहा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडणार नाही. मग रॉकर कडेला सरकवून स्प्रिंग दाबायची आणि ओ-रिंग बदलायची; हेड उतरवायची गरज नाही.